संडे स्कूलमधल्या हस्तकलेच्या वस्तू घरी पोचेपर्यंत सुटतात: काय तपासायचं आणि कोणत्या क्रमाने

मेंढराचा कापूस गळतो. नोहाच्या तारवावरचं मेघधनुष्य आडवं पडतं. काड्यांच्या वधस्तंभाची आडवी काडी फिरत फिरत उभीला जाऊन मिळते. संडे स्कूलमध्ये लहान मुलांकडून हस्तकला करून घेणाऱ्या प्रत्येकाला हे ओळखीचं आहे. असे जोड मी इतक्यांदा परत लावले आहेत, की आता सुटलेला तुकडा हातात आला की आधी तो उलटा करून त्याची पाठ बघते. दोष बहुतेक वेळा डिंकाचा नसतोच. डिंक कशावर लावला आणि त्याला वाळायला किती वेळ मिळाला, यातच खोट निघते. म्हणून नवा, भारीतला डिंक आणण्याआधी खालच्या क्रमाने बघत जा. सुरुवातीच्या तपासण्यांना काहीच खर्च येत नाही.

लक्षणं

– वर्गात बसलेला तुकडा दाराबाहेर जाईपर्यंत सरकतो. दाबला की कडेने पांढरा डिंक बाहेर येतो.
– तुकडा अख्खा आणि स्वच्छ सुटतो. वाळलेल्या डिंकाचा पारदर्शक पापुद्रा एकाच बाजूला राहतो, दुसरी बाजू कोरी.
– तुकड्याबरोबर खालचा रंगही उचलून येतो.
– सुटताना कागदच फाटतो, पाठीला कागदाचे तंतू दिसतात.
– जोडाच्या जागी पांढरट भुकटी दिसते, बोटाने झटकली की निघते.
– सुटत काहीच नाही, पण अख्खी वस्तू द्रोणासारखी वाकते.
– कुणी ओढलं नाही तरी जोड फिरतो किंवा उघडतो. वधस्तंभ, देवदूताचा शंकू आणि तारवाचं छप्पर यांत हे हमखास.

१. सुटलेल्या तुकड्याची पाठ बघा

मूल रडवेलं होऊन तुकडा पुढे करतं आणि आपण लगेच डिंक लावून दाबतो. त्याआधी अर्धा मिनिट तुकडा उजेडात धरा आणि त्यावरून बोट फिरवा. पुढच्या सगळ्या तपासण्या इथे काय दिसतं त्यावर ठरतात.

डिंक ओला किंवा रबरासारखा लागला, तर वेळ कमी पडला आहे. तपासणी २ आणि ३ बघा. एका बाजूला डिंकाचा पापुद्रा आणि दुसरी बाजू कोरी असेल, तर कोऱ्या बाजूने डिंक घेतलाच नाही. ती गुळगुळीत आहे, मेणकट आहे किंवा तिच्यावर प्लास्टिकचा थर आहे. सरळ तपासणी ५ वर जा. कागदाचे तंतू निघाले असतील तर डिंकाला काही म्हणू नका, त्याने काम चोख केलं आहे. कागद हलका पडला किंवा जोडावर भार जास्त आला. त्यासाठी ६ आणि ७ आहेत. भुकटी दिसली तर डिंक जुना आहे, त्यात पाणी फार घातलं आहे किंवा खोली फार थंड होती.

वर्गातल्या एकाचाच तुकडा सुटला तर त्या मुलाने डिंक कसा लावला ते बघा. सगळ्यांचे सुटले तर मुलांना सूचना देऊन उपयोग नाही. साहित्य किंवा वेळ यांतच काहीतरी चुकतंय.

२. वर्गाचा क्रम

सर्वांत स्वस्त आणि सर्वांत गुणकारी उपाय हाच, आणि लोक नेमका हाच सोडून बाकी सगळं करून बघतात.

पांढरा डिंक म्हणजे पाण्यात मिसळलेले चिकट कण. पाणी कागदात मुरतं, थोडं हवेत जातं आणि मग ते कण एकमेकांना धरतात. कागदावर कागद पातळ थराने लावला तर अर्ध्या तासात तो उचलण्याजोगा होतो. पूर्ण ताकद यायला साधारण एक दिवस लागतो आणि दमट हवेत त्याहून जास्त. आता आपल्या वर्गाचा क्रम बघा. आधी गाणी, मग प्रार्थना, गोष्ट, पाठांतराचं वचन आणि उरली तर शेवटची दहा-पंधरा मिनिटं हस्तकलेला. मुलाच्या हातात वस्तू येते तेव्हा ती ओलीच असते. ती पिशवीत जाते, तिच्यावर पाण्याची बाटली बसते, पिशवी खांद्यावरून हिंदकळते. या प्रवासात कुठलाच डिंक टिकणार नाही.

म्हणून चिकटवण्याचं काम आधी घ्या. मुलं एकेक करून येत असतात तो वेळ नाहीतरी विस्कळीतच असतो. आलेल्या मुलाला बसवा आणि चिकटवायला लावा. वस्तू खिडकीपाशी ठेवून गाणी आणि गोष्ट सुरू करा. शेवटी फक्त पेन्सिलीचं आणि स्केचपेनचं काम ठेवा: डोळे, तोंड, नाव, वचन.

यावर एक रास्त आक्षेप येतो. गोष्ट ऐकलीच नाही तर आपण हे का करतोय हे मुलांना कसं कळणार? माझ्या मते न कळलेलंच बरं. लूक १५ मधल्या हरवलेल्या मेंढराचा धडा असला की मुलं आल्या आल्या कार्डावर कापूस चिकटवतात. मेंढरांना अजून तोंड नसतं, नुसते ढग दिसतात. मेंढरं वाळत ठेवताना त्यातलं एक मी गुपचूप फळ्यामागे ठेवते. गोष्टीत मेंढपाळ नव्याण्णव मेंढरं सोडून एकाला शोधायला निघतो, तिथे मी थांबते आणि आपली मेंढरं मोजायला सांगते. मग एक कमी आहे हे कुणाच्या तरी लक्षात येतं. मेंढरू सापडेपर्यंत डिंक वाळलेला असतो आणि मुलं तोंडं काढायला बसतात. ज्याचं मेंढरू लपवायचं त्याची निवड मात्र विचार करून करा. लगेच डोळ्यांत पाणी येणारं मूल असेल तर त्याचं नको.

दुसरा मार्ग म्हणजे एका रविवारी चिकटवायचं आणि पुढच्या रविवारी रंगवून घरी द्यायचं. सात-आठ वर्षांच्या पुढच्या मुलांना हे जमतं. त्याहून लहानांना आठवडा फार लांब वाटतो आणि पुढच्या रविवारी निम्म्या वस्तूंचे धनी गैरहजर असतात.

३. किती डिंक, आणि कोणाच्या हातात

जास्त डिंक लावला की जास्त चिकटतं, असं मुलांना वाटतं आणि बऱ्याच मोठ्यांनाही. खरं तर थर जाड झाला की वरची साय आधी वाळते, आतलं पाणी अडकून राहतं आणि तुकडा तिच्यावर तरंगत सरकतो. वर कागद भिजून वाकतो तो वेगळाच.

बाटली मुलांच्या हाती देऊच नका. जुन्या झाकणांत चमचाभर डिंक ओतून दोघांत एक झाकण ठेवा. लावायला कापसाची कानकाडी किंवा कार्डाची बोटभर पट्टी पुरते. थर इतका पातळ हवा, की खालचा रंग दिसला पाहिजे. मात्र तो कडेपर्यंत गेला पाहिजे, कारण तुकडा उचकटायला सुरुवात कडेपासूनच होते. मधोमध एक मोठा ठिपका आणि चारी कडा कोरड्या, हे तर सगळ्यांत जास्त दिसतं.

लावल्यावर दाबून धरणं महत्त्वाचं. ‘एक मिनिट दाबा’ म्हटलं तर मूल पाच सेकंदांत हात काढतं. त्याऐवजी पाठांतराचं वचन सावकाश तीनदा म्हणेपर्यंत हात उचलायचा नाही, असा नियम ठेवा. वचन पाठ होतं आणि जोडही बसतो.

कापसाच्या बाबतीत डिंक नेहमी कागदावर लावा, कापसावर नाही. कापूस डिंक शोषून घेतो, त्याचा ओला गोळा होतो आणि कागदाला काहीच उरत नाही. अख्खे बोळेही लावू नका. ते पिंजून पातळ करा. बोळ्याचा तळ जेमतेम एका ठिपक्याइतका टेकतो, पिंजलेला कापूस सगळीकडे टेकतो. चमकी गळत असेल तर वाळल्यावर कागद उभा धरून मागून टिचक्या मारा आणि सैल आहे ती वर्गातच पाडा. तशी मला चमकी मुळातच आवडत नाही. उपासनेच्या जागेतल्या सतरंजीतून ती पुढच्या नाताळापर्यंत निघत राहते.

४. डिंक अजून जिवंत आहे का

ही परीक्षा आदल्या दिवशी घरी करा. त्याच डिंकाने साध्या कागदाच्या दोन पट्ट्या एकमेकींना चिकटवा आणि तासाभराने ओढा. कागद फाटला तर डिंक उत्तम आहे. पट्ट्या सरळ सुट्या झाल्या तर डिंक गेला. पांढऱ्या डिंकात गुठळ्या झाल्या असतील, आंबूस वास येत असेल किंवा तो दह्यासारखा फाटला असेल, तर पाणी घालून तो सुधारत नाही, टाकून द्या. उरलासुरला डिंक पाणी घालून वाढवण्याची सवय बऱ्याच वर्गांत असते. त्या डिंकाला पुढे ताकद उरत नाही.

ग्लू स्टिक फक्त कागदावर कागद लावण्यापुरती. कापूस, काड्या, बटणं, लोकर या गोष्टी ती धरत नाही. टोपण उघडं राहिलं की तिचं टोक वाळतं आणि मग ती घासली जाते, पण लागत नाही. वाळलेलं टोक पट्टीने कापून टाका, आत बहुधा ओली निघते.

मैद्याची खळ मोठ्या वर्गाला चांगली पुरते. एक भाग मैदा, चार-पाच भाग पाणी, गुठळ्या मोडून मंद आचेवर पारदर्शक होईपर्यंत शिजवायची. ती कागदापुरतीच चालते आणि दोन-तीन दिवसांत नासते. तिला बुरशीही लागते, म्हणून भिंतीवर वर्षभर राहणाऱ्या चित्रांना खळ वापरू नका.

५. पृष्ठभाग: पाण्याचा एक थेंब

डिंक चांगला आणि वेळही भरपूर दिला, तरी तुकडा स्वच्छ सुटत असेल, तर ज्यावर चिकटवतोय त्यावर पाण्याचा एक थेंब ठेवा. मिनिटभरात थेंब पसरला आणि डाग ओलसर दिसला, तर पांढरा डिंक चालेल. थेंब मण्यासारखा उभा राहिला, तर त्यावर डिंक मुरणार नाही, कारण डिंकातलं पाणी जाणार कुठे?

कागदी ताटल्यांचा घोळ इथेच असतो. योनाचा मासा, दानिएलाच्या गुहेतला सिंह, रिकामी कबर हे सगळं ताटलीवर छान होतं, म्हणून ताटल्यांचा गठ्ठा कायम हाताशी असतो. पण पुष्कळ ताटल्यांना वरून प्लास्टिकचा किंवा मेणाचा थर असतो, चंदेरी ताटल्यांना तर असतोच. थेंब दोन्ही बाजूंना टाकून बघा. अनेकदा पाठ कोरी असते, मग ताटली उलटी करून तिच्या पाठीवरच सिंह करा. दोन्ही बाजू चकचकीत असतील तर चिकटवण्याची जागा बारीक पॉलिश पेपरने घासा किंवा दुहेरी टेप वापरा. घोटीव कागदाचंही तसंच. त्याच्या रंगीत बाजूवर काही लावायचं असेल तर टेप बरा.

दुसरं कारण पटकन लक्षात येत नाही. ते म्हणजे मेणखडू आणि तेलखडू. मूल मन लावून मेघधनुष्याचे पट्टे रंगवतं, दाबून, दोन-दोन हात देऊन. मग त्याच्या टोकांना कापसाचे ढग चिकटवायचे असतात आणि ढग पडतात. मेणावर पाण्याचा डिंक बसत नाही. पोस्टर रंगांची गोष्ट थोडी वेगळी. त्यांवर डिंक बसतो, पण रंगाचा थर स्वतःच कागदावर सैल असतो, म्हणून ढगाबरोबर रंग उचलून येतो. दोन्हींवर तोडगा एकच: आधी चिकटवा, मग रंगवा. ते जमण्यासारखं नसेल तर चिकटवायच्या जागेवर पेन्सिलीने गोल काढून ‘इथे घर रिकामं ठेवायचं’ असं सांगा. मुलं ते अगदी इमानाने पाळतात.

हलणारे प्लास्टिकचे डोळेही याच कारणाने गळतात. ते दुहेरी टेपच्या बारीक चौकोनावर लावा. खरं सांगायचं तर स्केचपेनने काढलेला डोळा केव्हाही बरा. तीन वर्षांखालची मुलं वर्गात असतील तर असे डोळे, मणी आणि बटणं टेबलावर आणूच नका. ती थेट तोंडात जातात.

६. कागदाचं वजन आणि धार

लिहायचा किंवा छपाईचा साधा कागद ७०-८० जीएसएमचा, म्हणजे चौरस मीटरला तेवढ्या ग्रॅम वजनाचा असतो. त्यावर काड्या, लोकर किंवा जाड कापूस लावला तर तो भाराने वाकतो आणि जोड उचकटतो. ज्या तुकड्यावर बाकी सगळं लागणार आहे तो २०० जीएसएमच्या आसपासच्या कार्डाचा घ्या. कार्ड महाग वाटत असेल तर जुन्या खोक्यांचा पुठ्ठा वापरा.

पुठ्ठ्यावर रंगीत कागद लावला की वाळताना पुठ्ठा त्या बाजूला वाकतो. डिंकाने कागद भिजून पसरतो, पुठ्ठ्याला चिकटतो आणि वाळताना आकसून पुठ्ठ्याला ओढतो. दुसऱ्या बाजूलाही तसाच कागद लावला की दोन्हीकडची ओढ सारखी होते आणि पुठ्ठा सपाट राहतो. तारू करताना हे समजावणं सोपं जातं. उत्पत्ति ६:१४ मध्ये नोहाला तारू आतून-बाहेरून डांबराने माखायला सांगितलं आहे. कारण वेगळं होतं, पण ‘आतून-बाहेरून’ एवढं मुलांच्या ध्यानात राहतं. वाळत असताना वर प्लास्टिकचा कागद पसरून जड पुस्तकं ठेवा. प्लास्टिक विसरलात तर गीतपुस्तकांची पुठ्ठ्याची बांधणी ओल धरते.

कागदातले तंतू बहुतेक एका दिशेने असतात, तिला धार म्हणू. कागद फाडून बघा. ज्या दिशेला तो सरळ फाटतो ती धार. धारेला समांतर घडी नीट बसते, आडवी घडी परत उघडते. देवदूताचा शंकू सारखा उसळून उघडत असेल तर कागद नव्वद अंशांत फिरवून कापा. पुष्कळदा तेवढ्याने काम होतं. उरलेल्याला डिंक वाळेपर्यंत कपड्याचा चिमटा.

७. जोडच बदला

इथपर्यंतचं सगळं नीट असूनही जोड टिकत नसेल, तर त्या जागी डिंकाकडून भलतीच अपेक्षा होते आहे.

वधस्तंभ बघा. आईस्क्रीमच्या दोन काड्या एकमेकींवर टेकतात ती जागा जेमतेम एक सेंटिमीटरचा चौकोन असते. आडव्या काडीचं टोक तिथून पाच सेंटिमीटर लांब. टोकाला बोट लागलं की सगळा पीळ त्या चौकोनावर येतो आणि डिंक सुटतो. त्यावर आणखी डिंक ओतण्यात अर्थ नाही. डिंकाने काड्या फक्त जागेवर ठेवा आणि वर लोकर गुंडाळा. एका कर्णावर चार वेढे, दुसऱ्या कर्णावर चार, मागे गाठ. फिरण्याची ओढ लोकरीचे वेढे घेतात. पाच वर्षांच्या मुलालाही वेढे घालता येतात, गाठ आपण मारायची. काड्या फार गुळगुळीत असतील तर मध्यभागी आधी पॉलिश पेपर फिरवा.

मेघधनुष्याची कमान तारवावर उभी करताना कागदाची कड चिकटवू नका. कडेला चिकटायला जागाच नसते. कमान दोन्ही टोकांना सेंटिमीटरभर जास्त लांब कापून तेवढा भाग दुमडा आणि तो पाय चिकटवा. तारवाच्या छपराला आणि गव्हाणीच्या भिंतींनाही असेच पाय द्या. पाच भाकरी आणि दोन मासे ठेवायच्या टोपलीची मूठ पंचने भोकं पाडून दोऱ्याने बांधा. मुलं टोपली मुठीलाच धरणार, तिथे डिंक कशाला?

हलणारा भाग चिकटवूच नये. रिकाम्या कबरेवरची धोंड बाजूला लोटता आली नाही तर पुनरुत्थानाची गोष्ट मुलाला हाताने सांगता येत नाही. धोंडीच्या गोलाला कडेजवळ भोक पाडून स्प्लिट पिन लावा आणि तिचे दोन पाय मागे फाकवून वरून टेप मारा, म्हणजे टोचत नाहीत. येशूला बघण्यासाठी जक्कय उंबराच्या झाडावर चढला पाहिजे आणि उतरलाही पाहिजे. झाडाच्या बुंध्याला उभी चीर देऊन त्यातून जक्कयाची पट्टी सरकती ठेवा. अशा वस्तू टिकतातही जास्त, कारण मूल त्यांच्याशी खेळतं आणि वस्तू खेळण्यासाठीच बनवलेली असते.

स्टेपलर मोठ्यांनी वापरावा. पिनेची टोकं मागच्या बाजूला नीट मिटली आहेत ना, ते बोटाने तपासून वर टेप लावावा.

८. गरम डिंकाची बंदूक, आणि ती कोणी धरायची

प्लास्टिक, शिंपले, गुळगुळीत खडे (दाविदाच्या गोफणीचे पाच) असं काही लावायचं असेल तर पांढरा डिंक पुरत नाही आणि टेप टेकत नाही. तिथे गरम डिंक चालतो. कमी तापमानाच्या बंदुकीतूनही तो साधारण १२० अंश सेल्सियसला बाहेर येतो, जास्त तापमानाच्या बंदुकीतून १९० च्या आसपास. पाण्याचा चटका बसला तर पाणी ओघळून जातं. हा कातडीला चिकटून बसतो आणि भाजतच राहतो. म्हणून बंदूक एकाच मोठ्या माणसाने धरायची, वेगळ्या टेबलावर, वायर पायात येणार नाही अशी. मुलांनी वस्तू आणून द्यायची आणि दोन पावलं मागे उभं राहायचं. तेवढं माणूसबळ नसेल तर खड्यांची हस्तकला त्या दिवशी करू नका, दुसरी निवडा.

चटकन चिकटणारा सुपर ग्लू वर्गात आणूच नका. तो बोटं एकमेकांना चिकटवतो हे बहुतेकांना माहीत असतं. कापसाला लागला तर तो तापतो हे माहीत नसतं. कापसाच्या तंतूंशी त्याची क्रिया झपाट्याने होते, उष्णता निघते, धूर येतो आणि हात भाजू शकतो. मेंढराचा कापूस ‘एकदाचा पक्का’ करायला कुणी मदतनीस ही नळी काढत असेल तर तिथेच थांबवा. सुती कपड्यांवर सांडला तरी तोच धोका. उग्र वासाचा रबरी डिंकही बंद खोलीत मुलांजवळ नको.

९. तरीही सुटतंय? हस्तकला वयाला जड आहे

सगळं तपासून झालं आणि तरी त्याच गटातल्या वस्तू मोडत असतील, तर वस्तूचे भाग मोजा. तीन-चार वर्षांच्या मुलाला दोन, फार तर तीन भाग पुरेत: फाडलेला कागद, कापूस, बोटाचा ठसा. पाच-सहाला सरळ रेषेत कापता येतं. बारीक घड्या आणि पाय दुमडणं सात वर्षांनंतर. बारा भागांचा येशूजन्माचा देखावा पाच वर्षांच्या मुलांना दिला तर तो शेवटी शिक्षकच पूर्ण करतात. मग मूल घरी जाऊन ‘हे बाईंनी केलं’ असं सांगतं, आणि त्यात खोटं काहीच नसतं.

कुठे थांबायचं आणि कोणाला बोलवायचं

हस्तकलेत काय बिघडणार असं वाटतं, पण काही प्रसंगी डिंकाची बाटली खाली ठेवून लगेच दुसऱ्याकडे जायचं असतं.

‘तुम्ही जगाचा प्रकाश आहा’ या वचनासाठी बॅटरीवरचे छोटे दिवे कंदिलात घालतात. त्यांत चपटी बटण बॅटरी असते. मुलाने ती गिळली, किंवा गिळल्याचा नुसता संशय आला, तरी लगेच रुग्णालयात न्या. मुलाला काही त्रास दिसत नाही म्हणून वाट बघू नका. अन्ननलिकेत अडकलेली बॅटरी दोन तासांत आतून भाजू शकते. उलटी करवू नका. दिव्याचं पाकीट बरोबर न्या, म्हणजे बॅटरी कोणती ते डॉक्टरांना कळेल. एकापेक्षा जास्त लोहचुंबक गिळले असतील तरीही तितक्याच घाईने जा. वर्गासाठी दिवे निवडताना ज्यांचं झाकण स्क्रूने बंद होतं तेच घ्या.

सुपर ग्लू डोळ्यात गेला किंवा पापण्या चिकटल्या तर पापण्या ओढून उघडू नका आणि तडक डॉक्टरांकडे जा. नुसती बोटं चिकटली असतील तर कोमट साबणाच्या पाण्यात बुडवून हळूहळू सोडवा. गरम डिंकाने भाजलं तर जागा वाहत्या थंड पाण्याखाली वीस मिनिटं धरा. चिकटलेला डिंक ओढून काढू नका, त्याबरोबर कातडी येते. फोड आला, चेहऱ्यावर भाजलं किंवा डिंक निघत नसेल तर पुढचं डॉक्टरांनाच करू द्या. मणी किंवा कापूस नाकात-कानात गेला तर चिमट्याने काढायला जाऊ नका. तो आणखी आत जातो.

मोठ्या वस्तूंचंही तेच. कार्यक्रमासाठी मुलं आत बसतील असं तारू, माणसाच्या उंचीचा वधस्तंभ, छताला टांगायचा तारा या गोष्टी हस्तकलेत मोडत नाहीत. मूल ज्यावर चढणार किंवा ज्याच्याखाली उभं राहणार ते सुताराकडून करून घ्या किंवा निदान त्याला दाखवा. ताऱ्यात विजेचा दिवा असेल तर वायर जोडणं इलेक्ट्रिशियनचं काम. कागद, कापूस आणि चमकी तापणाऱ्या दिव्याला टेकतील अशी कुठलीच रचना स्वीकारू नका. मुलांनी ताऱ्याला कागद लावायचा तो त्याच्या तपासणीनंतर, वीज बंद असताना.